रविवारी सांगते

ती गेल्याचं कळलं त्या गुरुवारी तो खळ शिजवत होता. खळ शिजवताना दुसरं काही करता येत नाही. हात थांबला की गुठळ्या होतात, आणि गुठळ्यांची खळ लावलेलं पुस्तक महिन्याभरात पाठीतून उकलतं. म्हणून फोन वाजला तेव्हा त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि उजव्या हाताने पळी फिरवत राहिला. फोन चष्म्याच्या दुकानातून होता. तिथे त्याची बायको बावीस वर्षं काउंटरवर बसत होती. दुकानाचे मालक म्हणाले, "ताईंना चक्कर आली. दवाखान्यात हलवलंय. तुम्ही निघा." तो म्हणाला, निघतो. मग त्याने खळ उतरवली, झाकण ठेवलं, हात धुतले आणि निघाला. पाच मिनिटं गेली असतील. डॉक्टर पुढे म्हणाले की दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं होतं, त्या पाच मिनिटांनी काही बिघडलं नाही. हे त्याला पटलं. त्याला छळत राहिलं ते दुसरंच. डॉक्टर समोर उभे राहून सांगत होते, मेव्हणीने त्याचा दंड घट्ट धरला होता, आणि त्याच्या मनात पहिलं वाक्य उमटलं ते असं: मग आता रविवारचं काय? हे त्याने कोणाला सांगितलं नाही. बत्तीस वर्षांचा संसार मोडतो आणि माणसाला कादंबरी आठवते, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने.

तेव्हा हे रविवारचं प्रकरण काय होतं ते आधी सांगायला हवं. तो बाइंडर. वाचनालयांची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे यायची. पुस्तक नव्याने बांधायचं तर आधी ते पुरतं उकलावं लागतं. पुठ्ठा सोडवायचा, जुनी शिवण कापायची, फर्मे सुटे करायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक ठेवून शिवल्या की पुस्तक होतं. लग्न झालं तेव्हा घरात खोली एक, दिवा एक आणि हाताशी असलेलं पुस्तक एक, तेही दुकानात पुन्हा शिवायला जाईपर्यंतचं. ती वाचनवेडी. तो आपला असाच, बारावं पान आलं की जांभई. एकदा ती वाचत बसली होती आणि तो भिंतीकडे बघून कंटाळला होता, म्हणून तिच्या बाजूला पडलेली न वाचलेल्या फर्म्यांची चळत त्याने उचलली आणि मधूनच सुरुवात केली. आणि काय सांगावं, तो गुंतला. एक माणूस रडतोय, का रडतोय माहीत नाही. एक बाई पेटी घेऊन निघालीय, पेटीत काय आहे माहीत नाही. अनोळखी घरात चुकून शिरावं आणि तिथलं भांडण ऐकत दाराशीच उभं राहावं, तसं झालं. रविवारी सकाळी दोघं चादर पिळत होती, एक टोक तिच्याकडे, एक त्याच्याकडे, तेव्हा त्याने विचारलं, "तो रडणारा माणूस आधी काय करून बसला होता गं?" ती म्हणाली, "आधी तू ओळख." त्याने ओळखलं ते साफ चूक निघालं, पण ती म्हणाली की लेखकापेक्षा तुझंच बरं आहे.

तेव्हापासून तो नियमच होऊन गेला. पहिले अर्धे फर्मे तिचे, उरलेले त्याचे. आठवडाभर वाचायचं आणि तोंड मिटून बसायचं. रविवारी सकाळी त्याने सुरुवात ओळखायची, तिने शेवट ओळखायचा, मग तिने सुरुवात सांगायची, त्याने शेवट सांगायचा, आणि मग भांडायचं. दुसऱ्याचा भाग कोणी कधी वाचला नाही. "शेवट माणसाने सांगितलेलाच बरा," ती म्हणायची. "लेखकाला शेवटी घाई झालेली असते. तुला नसते." एरवी ती त्याला अहो-जाहो करायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर तर फारच. पण कादंबरीवरून जुंपली की सगळं सोडून एकदम अरे-तुरेवर यायची. "तुला काही कळत नाही, ती त्याच्यासाठी थांबलेलीच नव्हती," असं ती चादर झटकत म्हणाली की त्याला लग्न नुकतंच झाल्यासारखं वाटायचं. सोमवारी पुन्हा अहो.

ह्या धंद्यात एकदा त्याच्या हातून मोठा घोटाळा झाला होता. दोन कादंबऱ्या एकाच मापाच्या, एकाच कागदावरच्या, दोन्ही उकललेल्या, दोन्हींचे अर्धे फर्मे घरी, अर्धे दुकानात. शिवताना त्याने एकीच्या पूर्वार्धाला दुसरीचा उत्तरार्ध जोडला. पहिली होती डोंगरातल्या एका डॉक्टरची आणि दुसरी होती जहाजावरच्या आचाऱ्याची. वर्षभर कोणी चकार शब्द काढला नाही. उलट वाचनालयाच्या अभिप्राय-वहीत एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं की उत्तरार्धात लेखकाने घेतलेली झेप थक्क करणारी आहे. ते त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की उचकी लागली. "खबरदार कोणाला सांगशील तर," ती पाणी पिता पिता म्हणाली. "होऊ दे त्या लेखकाचं नाव."

तर शेवटची कादंबरी त्याने सोमवारी उकलली. सव्वीस फर्मे. तेरा तिला, तेरा त्याला. दोनशे आठ पानांपर्यंत तिचं, दोनशे नऊपासून त्याचं. तिने आपली चळत दोऱ्याने बांधून पर्समध्ये टाकली. बसमध्ये वाचायची आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली. गुरुवारी सकाळी दारात चपला घालताना ती म्हणाली, "त्या लॉजवाल्या बाईवर माझा भरवसा नाही." तो चमकला, कारण त्याच्या भागातही लॉजवाली होती आणि ती त्याला फार आवडायला लागली होती. "का?" त्याने विचारलं. नियम मोडून विचारलं. ती जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि वर बघून म्हणाली, "रविवारी सांगते तुला." वार गुरुवार होता आणि ती तुला म्हणाली, हे त्याच्या लक्षात आलं फार नंतर.

माणसं भेटायला येत होती त्या दिवसांतच त्याने आपला भाग संपवला. खोलीत चारजण हळू आवाजात बोलत बसलेले असायचे आणि तो कोपऱ्यात फर्मे मांडीवर घेऊन बसायचा. लोकांना वाटायचं, बिचारा कामात मन गुंतवतोय. पण त्याची छाती धडधडत असायची. नदीकाठचं लॉज जळून खाक झालेलं असतं. पोलीस चौकशीला येतात. लॉजवालीचा धाकटा भाऊ त्या दिवशी पिऊन कोठारात झोपला होता, आग त्याच्याच विडीने लागली, हे तिला ठाऊक असतं. ती पोलिसांना सांगते, स्टोव्ह मी चालू ठेवला होता. तीन वर्षं तुरुंगात जाते. सुटून येते तेव्हा नदीवरचा पूल बांधून झालेला असतो, पलीकडच्या टोकाला भाऊ हार घेऊन उभा असतो, आणि ती पुलाच्या मध्यापर्यंत जाते, त्याला नीट बघून घेते आणि परत फिरते. बस, संपली कादंबरी. परत का फिरते, एक अक्षर नाही. त्याने शेवटचं पान मिटलं आणि तो उठून उभाच राहिला. अशी बाई. भावाला वाचवते आणि त्याचे आभारही घेत नाही. तेवढ्यात मेव्हणी ताट घेऊन आली. "भाऊजी, दोन घास खाऊन घ्या."

"भावासाठी तुरुंगात गेली," तो म्हणाला. "आणि म्हणे भरवसा नाही."

"कोण गेलं तुरुंगात?"

"लॉजवाली."

मेव्हणीने ताट खाली ठेवलं आणि आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. त्यानंतर आठवडाभर कोणी ना कोणी त्याच्याकडे झोपायला येत राहिलं.

दवाखान्यातून मिळालेली तिच्या वस्तूंची पिशवी मेव्हणीनेच कपाटावर ठेवली होती. पर्स त्यात, आणि पर्समध्ये दोऱ्याने बांधलेले तेरा फर्मे. चार महिने त्याने पिशवीला हात लावला नाही. हात लावला तर तो वाचणार, आणि स्वतः वाचून काढलं तर तिने सांगायचं काय उरलं? असं त्याने कधी शब्दांत मांडलं नाही. कोणी विचारलं असतं तर म्हणाला असता, सवड झाली नाही. पण एक गोष्ट मात्र अंगात ठसठसत होती. बत्तीस वर्षांत त्यांचं एकही भांडण अर्धवट राहिलं नव्हतं. हे राहिलं. तिचं म्हणणं काय होतं ते कळल्याशिवाय त्याला हरताही येत नव्हतं आणि जिंकताही येत नव्हतं. कटिंग मशीनवर पुस्तकाच्या कडा छाटताना तो मनात पुराव्यांची जुळवाजुळव करायचा. त्या बाईने स्टोव्हचं खोटं सांगितलं ते मान्य, पण खोटं कोणासाठी सांगितलं ते बघ की. हे तो अर्धवट तोंडाने बोलायचाही. समोरचा चहावाला एकदा म्हणाला, "बाइंडरभाऊ, मशीनशी भांडताय होय?"

मग वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन आला. रविवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे वाचकांचं मंडळ बसतं, हल्ली वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलायला. ह्या वेळी तीच कादंबरी घेतली होती. दोन प्रती फिरत होत्या, तिसरी त्याच्याकडे. "झालं का हो बांधून?" बाईंनी विचारलं. ती गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून चार महिने विचारलं नव्हतं. अजून थोडा वेळ द्या, एवढंच सांगायला तो रविवारी स्वतः गेला. फोनवरही सांगता आलं असतं. पण रविवार सकाळ होती, आणि हल्ली रविवार सकाळी घरात थांबणं त्याला जमत नव्हतं. चादर एकट्याने पिळली जात नाही. त्याने बरंच करून पाहिलं होतं, दाराच्या कडीला एक टोक बांधूनसुद्धा.

लांब टेबलाभोवती सातआठ माणसं होती. ग्रंथपाल बाईंनी त्याला जाऊच दिलं नाही, खुर्ची ओढून बसवलं. बोलत होत्या त्याच निवृत्त शिक्षिका, अभिप्राय लिहिणाऱ्या. त्या म्हणत होत्या की लॉजवालीचा त्याग लेखकाने फार संयमाने दाखवला आहे. त्याने मान हलवली. मग त्या पुलावर आल्या आणि त्याच्याने राहवेना. "तिथे ती हार घेत नाही ना," तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला, "हार घेतला असता तर तीन वर्षांचा मोबदला घेतल्यासारखं झालं असतं. ती त्याला फक्त बघून घेते. धड आहे ना, दाढी केलीय ना, एवढंच. आईसारखं. आणि फिरते." सगळे त्याच्याकडे वळले. त्याने थांबायला हवं होतं, पण चार महिन्यांचं साचलेलं होतं, ते धबाधबा आलं. तुरुंगातली ती खिडकी, पोलिसाला ती देते ते पाणी, शेजारच्या कोठडीतल्या बाईला शिकवते ते विणकाम. समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी पडली तीसुद्धा त्याला आवडली. शिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, "बाइंडर, फार बारकाईने वाचलंयत तुम्ही. मग सुरुवातीचं ते नावेतलं प्रकरण कसं वाटलं?"

"सुरुवात मी वाचली नाही," तो म्हणाला. "दोनशे नऊपासून वाचलंय. मी नेहमी तसंच वाचतो."

कोणीतरी हसलं. ग्रंथपाल बाई खाली बघू लागल्या. शिक्षिकांनी मात्र समजुतीने घेतलं. "बरोबरच आहे. मोठे लेखक सुरुवातीला बांधून घेत नाहीत स्वतःला. आता तो डोंगरातला डॉक्टर जहाजावर आचारी होतो ती कादंबरी घ्या. काय झेप आहे. मी अजून सगळ्यांना तेच उदाहरण देते." त्याने ओठ दाबले. हसू छातीत दाटलं आणि आपोआप तो डावीकडे वळला, कारण असं काही झालं की ती नेहमी डावीकडे असायची. डावीकडे एक लिफ्ट-मेकॅनिक बसला होता, निळा शर्ट, खिशात टेस्टर, रविवारीही. एवढ्या वेळात तो काही बोलला नव्हता. दोघांची नजरानजर झाली तसा तो म्हणाला, "तुम्ही छान बोललात. पण माझा नाही त्या बाईवर भरवसा."

"का?" तो इतक्या जोरात म्हणाला की पलीकडच्या खोलीत पेपर वाचणारे दोघं वर बघायला लागले.

"सांगितलं असतं. पण तुम्ही सुरुवात वाचली नाही म्हणता."

तिचा भाग त्याने चार महिने न वाचता जपलेला होता. त्याने श्वास घेतला. "सांगा."

"पान एकशे सत्त्याहत्तर," मेकॅनिक म्हणाला. "रॉकेलच्या कोठाराला ती रोज संध्याकाळी स्वतः कुलूप घालते. रोज म्हणजे रोज. आग लागते त्या संध्याकाळी घालत नाही. लेखक एवढंच लिहितो की किल्ली खुंटीवरच होती. आणि भाऊ आत झोपलाय हे तिला माहीत असतं. लॉजवर कर्ज, विम्याचे कागद आदल्याच महिन्यात झालेले. भाऊ आगीत जाईल, दोष त्याच्या विडीवर जाईल, असा हिशेब. भावाला वाचवायला नाही गेली ती तुरुंगात. भाऊ वाचला म्हणून गेली."

त्याने मनात शेवटचं पान पुन्हा उघडलं. म्हणजे पुलावर ती बघते ते आईसारखं नाही.

"माणूस विसरतो," तो म्हणाला.

"रोजचं नाही विसरत."

"दमली असेल."

"दमलेला माणूस रोजचंच तेवढं करतो साहेब, बाकीचं विसरतो. मी तीस वर्षं लिफ्टची दारं लावतोय. घरी ताप असला, भांडण असलं, तरी हात दार लावतोच."

हे मात्र खरं होतं. निरोप आला तेव्हा त्यानेही झाकण ठेवलं होतं, हात धुतले होते. पण असं लगेच कबूल करतो कोण. "मग नंतर ती तुरुंगात गप्प का राहते? एकदाही का नाही रडत?" त्याने विचारलं. "म्हणूनच तर सांगतोय," मेकॅनिक म्हणाला. मग अशी जुंपली की ग्रंथपाल बाईंनी खिडक्या लावायला घेतल्या तरी दोघं उठेनात. शिक्षिका मध्ये पडल्या, दोन्ही बाजूंनी बोलल्या आणि थकून बसल्या. "बाइंडरसाहेब, तुम्ही पडलाय त्या बाईच्या प्रेमात," मेकॅनिक म्हणाला तेव्हा सगळे हसले. "पडलोय," तो म्हणाला. "म्हणून काय ती गुन्हेगार होते?" निघताना मेकॅनिकने पावतीच्या मागे आपला नंबर लिहून दिला. "राहिलेलं भांडण फोनवर करू."

घराकडे जाताना तो जवळजवळ पळत होता. भर उन्हात, छत्री वाचनालयात विसरून. हरलो, कबूल, तो मनात म्हणत होता, तुझंच खरं, कुलूप, मला दिसलंच नाही, दिसणार कसं, ते तुझ्या भागात होतं. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याने शिवी हासडली तीही त्याला गोड लागली. जिन्याच्या त्या दोन पायऱ्या तो एका ढांगेत चढला. स्टूल घेतलं, कपाटावरची पिशवी काढली, पर्स उघडली. आत चष्मा पुसायचं फडकं होतं, तिच्या हाताचा वास होता, आणि दोऱ्याने बांधलेली चळत होती. त्याने दोरा सोडला. एकशे सत्त्याहत्तर शोधायला तो फर्मे उलटू लागला आणि मध्येच थांबला. नवव्या फर्म्यात एका पानाचा वरचा कोपरा दुमडलेला होता. कोपरे दुमडण्यावरून तो तिला उभा जन्म बोलत आला होता. पान एकशे एक्केचाळीस.

तो स्टुलावरच बसला. पुन्हा आकडा बघितला. ती एकशे एक्केचाळीसपर्यंतच पोचली होती. गुरुवारी सकाळी दारात बोलली तेव्हा तर त्याच्याही अलीकडे असणार. कुलूप तिने वाचलंच नव्हतं. किल्ली, कोठार, आग, काही काही तिला माहीत नव्हतं. लिफ्टवाल्याचं कारण तिचं कारण नव्हतं. तिने त्या बाईला कुलपाच्या कितीतरी आधी, हातात काही नसताना, ओळखलं होतं. कशावरून? तो एकटाच मोठ्याने म्हणाला, "कशावरून गं?" असा आनंद त्याला चार महिन्यांत झाला नव्हता. खरं तर तो कोणत्या जातीचा आनंद होता ते त्याला सांगता आलं नसतं. तिच्या हुशारीचा होता, आणि ती अजून त्याच्या चार पावलं पुढे आहे, ह्याचा होता.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. विचित्रच वाटलं. सुरुवातीला लेखक सगळं सांगत बसतो, नदी किती रुंद, लॉजला खोल्या किती, जणू कोणालाच घाई नाही. असलं सगळं तिने बत्तीस वर्षं वाचलं होतं आणि त्याला सांगताना गाळलं होतं. एकदम माणसांवर यायची. दुपारभर वाचलं. सोमवारी दुकान उघडलंच नाही. लॉजवाली नावेतून येते, हसते, बोलते, किल्ल्यांचा जुडगा सांभाळते, भावाला जेवायला वाढते, आणि त्याला ती पुन्हा आवडायला लागली. तो चिडला. मंगळवारी कागद-पेन्सिल घेऊन परत वाचलं, एकशे एक्केचाळीसपर्यंतच. तेविसाव्या पानावर ती पूल बांधायला आलेल्या इंजिनिअरचा विनोद संपायच्या आधी हसते. अठ्ठ्याऐंशीवर भावाला म्हणते, तू अगदी बाबांसारखा दिसतोस, आणि एकतिसावर सांगून बसलीय की बाबांना मी कधी पाहिलंच नाही. एकशे एकोणिसावर कोणी न विचारता म्हणते, माझं काय, मी कुठेही राहीन. तिन्हीवर त्याने खूण केली. ह्यातलं कोणतं? तिच्या जागी बसून तो विचार करू लागला. ती बावीस वर्षं काउंटरवर बसली होती. आपल्याला नीट दिसतंय असं सांगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या मानेकडे बघायची. मान पुढे आली की समजायची, दिसत नाहीये. लॉजवाल्या बाईची मान कुठे पुढे आली?

बुधवारी सकाळी त्याने मेकॅनिकला फोन लावला. मागे कुठेतरी ठोकाठोक चालू होती. "तुमचं कुलूप चालायचं नाही," तो म्हणाला. "ते नंतरचं आहे. त्याच्या आधीच कळतं ती कशी आहे. एकशे एक्केचाळीसच्या आत."

"कोणाला कळलं?"

"माझ्या बायकोला."

"मग वहिनींनाच विचारा की. मला कशाला कामाला लावता?"

"ती नाही आता," तो म्हणाला. "चार महिने झाले. तिने तेवढंच वाचलं होतं. कारण रविवारी सांगणार होती."

ठोकाठोक थांबली. मग मेकॅनिक म्हणाला, "माझी प्रत अजून घरीच आहे. मी पुन्हा वाचतो. एकशे एक्केचाळीसलाच थांबायचं ना?"

"थांबायचं."

"आधीचं डोक्यात आहे हो, ते कसं काढू?"

"काढा कसंही. तिच्या डोक्यात नव्हतं ते."

"बघतो. रविवारी येता ना?"

"येतो," तो म्हणाला. मग ग्रंथपाल बाईंना फोन करून त्याने सांगितलं की तिसऱ्या प्रतीला अजून वेळ लागेल. बाई म्हणाल्या, किती? कळवतो, तो म्हणाला. पुस्तक अजून शिवलेलं नाही. एकशे बेचाळीस ते दोनशे आठ ही पानं तिने वाचली नव्हती, त्यानेही वाचलेली नाहीत. तिचा भरवसा कशामुळे उडाला, ते ओळखायचं राहिलं आहे.